तालमीच्या खोलीत काय घडतं?

गावच्या बैठकीत नाटकाच्या वर्गणीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, ‘नळाला चार दिवसांआड पाणी येतंय आणि तुम्ही नाटकं कसली करताय?’ शहरात हाच प्रश्न वेगळ्या तोंडानं येतो. महापालिकेनं नाट्यगृहावर खर्च करावा की दवाखान्यावर? दहावीच्या वर्षात मुलानं एकांकिकेत कशाला अडकायचं?

प्रश्न रास्त आहे. त्याला टोलवून लावण्यात अर्थ नाही. कलेवर प्रेम करणारी माणसं यावर ‘संस्कृती टिकते’, ‘मन प्रसन्न राहतं’ अशी उत्तरं देतात. ती खोटी नाहीत, पण विचारणाऱ्याच्या हातात काहीच पडत नाही. कलेत सामान्य माणसांनी भाग घेतला तर समाजाला नेमकं काय मिळतं, कुठून मिळतं आणि कुठे मिळत नाही, हे या प्रकरणात पाहायचं आहे. उदाहरणं बरीचशी नाटकाची आहेत, कारण मराठी मुलखात सामान्य माणूस कलेत उतरला तो सर्वाधिक भजनातून आणि नाटकातून.

१. बघणं, करणं आणि ठरवणं

कलेतल्या सहभागाच्या तीन पायऱ्या असतात. पहिली बघण्या-ऐकण्याची: तिकीट काढून नाटकाला जाणं, कीर्तनाला बसणं. दुसरी करण्याची: टाळ हातात घेणं, भूमिका पाठ करणं, पडदा ओढणं. तिसरी पायरी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ती ठरवण्याची. यंदा कोणतं नाटक घ्यायचं, वर्गणी किती, नायिकेचं काम कुणी करायचं, हिशेब कुणाकडे, हे जिथे लोक आपसांत ठरवतात तिथे सहभाग पुरा होतो. गावातलं भजनी मंडळ या तिन्ही पायऱ्यांवर उभं असतं. ऐकणारे तेच, गाणारे तेच आणि मृदंगाला शाई भरून आणायला पैसे काढणारेही तेच.

१८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या संस्थानिकांच्या आश्रयानं ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणलं. तिथून मराठी नाटकाचा इतिहास मोजतात आणि तो बहुतेक वेळा मोठ्या नाटक मंडळ्यांचा, गाजलेल्या नटांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्याला समांतर दुसरा एक प्रवाह अखंड वाहत आला आहे. दिवसभर दुसरं काम करून संध्याकाळी नाटक करणाऱ्यांचा. शासनाची हौशी नाट्यस्पर्धा साठहून अधिक वर्षं चालू आहे. मराठवाड्यापासून कोकणापर्यंतच्या केंद्रांवर शिक्षक, बँकेतले कारकून, एसटीचे कर्मचारी, वकील तिथे उभे राहतात. गिरणी आणि कारखान्यातल्या कामगारांसाठी कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा असतात. पुण्यात १९६३ पासून ‘महाराष्ट्रीय कलोपासक’ची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा होते. ‘आवाऽज कुणाचा’ या आरोळीनं भरत नाट्य मंदिर दणाणून जातं, तेव्हा ओरडणाऱ्यांपैकी बहुतेक जण पुढे इंजिनिअर, प्राध्यापक, दुकानदार होणार असतात. नट होणारे थोडेच.

या प्रवाहाची झेप लहान नव्हती. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये श्रीराम लागू यायचे ते कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणून काम करता करता. डिसेंबर १९७२ मध्ये याच संस्थेनं ‘घाशीराम कोतवाल’ उभं केलं. त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल हे डॉक्टर, नाना फडणवीस रंगवणारे मोहन आगाशे हेही डॉक्टर, आणि त्यात काम करणारे सतीश आळेकर वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्रात काम करत होते. पुढे हे नाटक युरोपपर्यंत गेलं.

तरी या प्रकरणाचा विषय नाटकाचा दर्जा नाही. ज्या शेकडो संहिता स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत बाद होतात, ज्यांचं नावही कुणाला आठवत नाही, त्यांतूनही समाजाला काही मिळतं का?

२. तालमीची बेरीज

वेळ रात्री साडेआठची. शाळेचा एक वर्ग. बाकं भिंतीला लावलेली. फरशीवर खडूनं आखलेल्या रेघा: हे दार, ही खिडकी, इथे पलंग. पहिले काही दिवस नुसतं वाचन चालतं, सगळे गोल बसून. मग उभ्या तालमी सुरू होतात. हातात वह्या असतात, त्यामुळे पाया पडायचं असलं तरी वही कुठे ठेवायची हा प्रश्न पडतो. कुणी खडूच्या भिंतीतून सरळ चालत जातो आणि बाकीचे ओरडतात. वाक्य संपायच्या आत दुसऱ्यानं तोंड उघडलं की दिग्दर्शक थांबवतो: ‘आधी ऐक, मग बोल.’ हे वाक्य तालमीत जितक्या वेळा उच्चारलं जातं तितकं क्वचितच दुसऱ्या कुठल्या खोलीत उच्चारलं जात असेल.

आता थोडा हिशेब करू. समजा, पंधरा जणांचा चमू आहे. चाळीस संध्याकाळी, रोज अडीच तास तालीम. म्हणजे प्रत्येकाचे शंभर तास आणि सगळ्यांचे मिळून दीड हजार तास. प्रयोग मात्र दोन तासांचा. आपण टाळ्या वाजवतो त्या या दोन तासांना. समाजाच्या खात्यात जमा होतात ते दीड हजार तास.

दुसरी बेरीज ओळखींची. पंधरा माणसांत किती जोड्या होतात? पहिल्याची चौदा जणांशी, दुसऱ्याची उरलेल्या तेरा जणांशी, असं मोजत गेलं तर १०५. तालमीआधी यातल्या फार तर वीस-पंचवीस जोड्यांची ओळख असते. तालीम संपेपर्यंत सगळ्या १०५ जोड्यांनी एकमेकांना चिडलेलं, थकलेलं, चुकलेलं आणि सावरलेलं पाहिलेलं असतं. तलाठी आणि खतविक्रेता, सासुरवाशीण आणि शाळेतली बाई, एरवी ज्यांची भेट कामापुरती व्हायची ती माणसं एकमेकांच्या वाक्यावर अवलंबून राहायला शिकतात. साहेबाची भूमिका शिपाई करतो आणि शिपायाची साहेब, हेही तालमीतच शक्य असतं.

‘घाशीराम’ पाहिलेल्यांना त्यातली माणसांची भिंत आठवत असेल. रांगेत उभे राहिलेले ब्राह्मण डोलतात, वळतात, पाठ फिरवतात आणि त्यांच्याच हालचालीतून पडदा उघडतो आणि मिटतो. त्या भिंतीत कुणी प्रमुख नट नाही. एकानं अर्धा श्वास आधी पाऊल टाकलं तर भिंतीला भगदाड पडतं. शेजाऱ्याकडे न बघता त्याची हालचाल ओळखण्याची ही सवय व्याख्यानातून लागत नाही, तालमीनंच लागते.

यात नाटकाचं किंवा गाण्याचं वेगळं असं काय? माणसं क्रिकेट खेळूनही एकत्र येतात. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या रॉबिन डनबार यांच्या गटानं या शंकेचा एक भाग तपासून पाहिला. प्रौढांसाठीच्या नव्या वर्गांत काही जण गाणं शिकत होते, काही हस्तकला आणि काही लेखन. सात महिने संशोधक त्यांना विचारत राहिले, की वर्गातल्या इतरांशी तुमची जवळीक किती झाली? गाणाऱ्यांची जवळीक पहिल्याच महिन्यात झपाट्यानं वाढली. बाकीच्या वर्गांना वेळ लागला, पण सात महिन्यांनी तेही तितकेच जवळ आलेले होते. हा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला.

त्यातून दोन गोष्टी निघतात. अनोळखी माणसांमधला संकोच सामूहिक गाण्यानं फार लवकर मोडतो. एका लयीत श्वास घेणाऱ्यांना एकमेकांची नावं माहीत असण्याचीही गरज नसते, वारीत पावली खेळणाऱ्यांना हे सांगायला नको. दुसरी गोष्ट अशी, की कला कोणतीही असो, पुन्हा पुन्हा भेटणं चुकवता येत नाही. एका दिवसाच्या महोत्सवात ते साधत नाही. गोव्यात कला अकादमीची मनोहरबुवा शिरगावकरांच्या स्मृतीची भजनी स्पर्धा असते. तिच्यासाठी पुरुषांची, महिलांची आणि मुलांची पथकं कित्येक आठवडे देवळाच्या मंडपात बसतात. बक्षीस मोजक्यांना मिळतं, ते आठवडे मात्र सगळ्यांच्या पदरात पडतात.

३. सावड आणि सरकारी कचेरी

शेजाऱ्यांची ओळख वाढली, ठीक आहे. पण नळाचं पाणी? तो मूळ प्रश्न अजून उभाच आहे. त्याचं उत्तर शोधायला इटलीत जावं लागतं.

१९७० साली इटलीनं आपल्या प्रदेशांना निवडून आलेली प्रादेशिक सरकारं दिली. अधिकार सारखे, कागदावरची रचना सारखी. अमेरिकेतले राज्यशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट पुटनम आणि त्यांचे सहकारी पुढची वीस वर्षं ही सरकारं तपासत राहिले. त्यांची एक चाचणी मोठी झकास होती. प्रत्येक प्रदेशाच्या कचेऱ्यांना सामान्य नागरिकाच्या नावानं साध्या चौकशीची पत्रं पाठवली: परदेशात झालेल्या उपचाराचा खर्च परत कसा मिळेल, शेतमालासाठी कर्ज कसं मिळेल, असले प्रश्न. उत्तरेकडच्या एमिलिया-रोमान्या प्रदेशातून बहुतेक उत्तरं आठवड्याच्या आत आली. दक्षिणेकडच्या कालाब्रियातून पत्राला उत्तरच आलं नाही.

हा फरक कशानं पडला? प्रदेश श्रीमंत की गरीब, एवढ्यानं तो उलगडेना. ज्या प्रदेशांत गायनमंडळं, फुटबॉल क्लब, पक्षिनिरीक्षकांचे गट यांची दाटी होती, जिथे माणसं वर्तमानपत्र वाचत आणि मतदानाला जात, तिथली सरकारं चांगली चालत होती. १९९३ साली पुटनम यांचं पुस्तक आलं आणि गायनमंडळांचा आणि चांगल्या कारभाराचा संबंध जगभर चर्चेचा विषय झाला.

गाणं म्हटल्यानं रस्ते दुरुस्त होतात, असा याचा अर्थ नाही. यामागची कल्पना समजायला गावाकडची सावड आठवावी. आज माझ्या शेतात तू राबतोस, उद्या तुझ्या शेतात मी. मजुरी नाही, करार नाही, लेखी काही नाही. तरी काम होतं, कारण उद्या तो येणार याची खात्री असते आणि न आल्यास सगळ्या गावाला कळणार हेही ठाऊक असतं. अभ्यासक याला सामाजिक भांडवल म्हणतात: माणसांमधला विश्वास, परतफेडीची रीत आणि ओळखींचं जाळं. बँकेतलं भांडवल वापरलं की कमी होतं, हे वापरलं की वाढतं. मंडळात वर्गणीचा हिशेब चोख ठेवायला शिकलेला माणूस पाणीपुरवठा समितीतही हिशेब मागतो. ज्यांनी एकत्र मांडव घातला आहे त्यांना बंधारा बांधायला एकत्र यायला वेळ लागत नाही.

पुटनम यांच्यावर टीकाही झाली. त्यांनी या फरकाची मुळं थेट मध्ययुगापर्यंत नेली, ते अनेक इतिहासकारांना पटलं नाही. शिवाय मंडळांमुळे कारभार सुधारतो, की कारभार चांगला असल्यानं लोकांना मंडळं चालवायची उसंत मिळते? दोन्ही बाजूंनी काहीतरी खरं असणार. पण निदान एवढं स्पष्ट आहे, की नाटक की पाणी असा पर्याय मांडणाऱ्यानं या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं धरून चालू नये.

४. धानकापणीनंतरची रंगभूमी

विदर्भाच्या पूर्व टोकाला गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांच्या जंगलपट्टीला झाडीपट्टी म्हणतात. मुख्य पीक धानाचं. कापणी-मळणी झाली की शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या हाताला पुढचे काही महिने फारसं काम नसतं. नेमक्या त्याच काळात, दिवाळीपासून होळीपर्यंत, इथे नाटकांचा हंगाम असतो.

दंडार आणि खडी गंमत हे इथले जुने लोकप्रकार. त्यांच्याच कुशीत झाडीपट्टीचं नाटक वाढलं. गावात मंडई भरते. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक. पडदा रात्री उशिरा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. ऑर्गन-तबल्याची साथ समोरच असते. गाणी हवीतच, विनोदी पात्र हवंच, रडवणारा प्रवेशही हवाच. थंडीत घोंगडी-चादरी पांघरून बसलेला प्रेक्षक पैसे मोजून तिकीट काढून आलेला असतो. मराठी रंगभूमीवर प्रेक्षक उरला नाही अशी हळहळ मुंबई-पुण्यात व्यक्त होते, तेव्हा या प्रेक्षकाची कुणाला आठवण होत नाही, याची खंत वाटते.

पूर्वी गावचीच माणसं कामं करायची, बायकांची कामंही पुरुषच. आता गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे या व्यवसायाचं केंद्र झालं आहे. हंगामाच्या तोंडावर तिथे नाटक कंपन्यांची कार्यालयं उघडतात. गावोगावच्या मंडळांची माणसं येतात, तारखा ठरतात, नाटकं ठरतात. नागपूरकडच्या अभिनेत्री हंगामापुरत्या इथे येऊन राहतात. मग याला लोकांचा सहभाग म्हणायचं का? म्हणायलाच हवं. कारण तिसरी पायरी, ठरवण्याची, अजून गावाच्या हातात आहे. कोणतं नाटक आणायचं इथपासून मंडप, तिकीटविक्री, वीज, कलाकारांचं जेवण, सगळं गावचं मंडळ पाहतं. नुकसान झालं तर तेही मंडळच सोसतं.

एका रात्रीच्या प्रयोगाचा पैसा कुणाकुणाच्या हाती जातो ते पाहिलं तर या कलेचं अर्थकारण उलगडतं. लेखक, नट, गायक, ऑर्गनवाला, तबलजी. नेपथ्य रंगवणारा आणि ते टेम्पोतून वाहून नेणारा. प्रकाशयोजना, ध्वनी, मंडप. पोस्टर छापणारा छापखाना. चहा, भजी, खेळणी यांची दुकानं. शिवाय लेकीबाळी माहेरी येतात, सोयरे मुक्कामाला येतात, घराघरांत जेवणावळी होतात, लग्नाच्या गोष्टीही याच दिवसांत जुळतात. मोठ्या शहरातला पैसा इथे येत नाही. धानाचा पैसा धानाच्याच मुलखात फिरतो आणि हाताला काम नसलेल्या महिन्यांत कित्येक घरांची चूल त्यावर पेटते.

या मुलखानं दीर्घकाळ हिंसेचं सावट सोसलं आहे. जिथे रात्री घराबाहेर पडायला माणूस बिचकायचा, तिथे हजारो माणसं रात्रभर एकत्र बसत राहिली, ही गोष्ट कुठल्याही आकड्यापेक्षा बोलकी आहे. दारू, हुंडा, अंधश्रद्धा, शेतकऱ्याच्या आत्महत्या हे विषय झाडीपट्टीच्या नाटकांत सतत येत असतात. २०२३ साली कुरखेडा तालुक्यातले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचं नाव दिल्लीपर्यंत पोचलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शंकरपट थांबले आणि महाराष्ट्रात ते अटींसह परत यायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. मंडईतली दिवसाची गर्दी त्या वर्षांत ओसरली, रात्रीचं नाटक टिकून राहिलं.

५. ज्यांना बोलू दिलं नव्हतं

आतापर्यंतचे फायदे कुठल्याही गोडीगुलाबीच्या कलेतून मिळतील. पण कलेचं एक काम याहून अवघड आहे: जे उघड बोलायची सोय नाही ते चारचौघांत मांडणं.

सत्यशोधक चळवळीनं तमाशाचा घाट घेतला, त्यातले देव आणि राजे बाजूला केले आणि तिथे सावकार, भट आणि कर्जबाजारी शेतकरी उभे केले. तो सत्यशोधक जलसा. पुढे आंबेडकरी जलसे निघाले. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे शाहीर रात्रीच्या रात्री वस्त्यांमधून शिक्षण, पाणवठ्याचा हक्क आणि माणुसकी यांवर गात फिरले. ज्यांना अक्षरओळख होऊ दिली नव्हती त्यांच्यापर्यंत विचार पोचवण्याची दुसरी वाट त्या काळात नव्हती. आणि गाणारेही त्याच वस्तीतले होते. ज्याला काल गावात मान वर करून चालता येत नव्हतं, तो आज पाचशे माणसांसमोर उभा राहून प्रश्न विचारतो आहे, हे दृश्यच जलशाचं निम्मं काम करत असे.

१९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक सुरू केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी मैदानं पेटवली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात निळू फुले, दादा कोंडके, राम नगरकर घडले. पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य सेवा दलासाठी लिहिलं. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेनं ज्योती म्हापसेकर यांचं ‘मुलगी झाली हो’ रंगमंचावर आणलं. नोकरी करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या साध्या बायका त्यात उभ्या राहत. नेपथ्य नाही, झगमगाट नाही. वस्तीत, अंगणात, शाळेच्या पटांगणात प्रयोग व्हायचे आणि प्रयोग संपल्यावर बायका बोलायला थांबायच्या. तोवर घराच्या भिंतीआड राहिलेलं दुःख पहिल्यांदा सगळ्यांचं होत होतं.

ब्राझीलच्या आगुस्तो बोआल यांनी याच्या पुढची पायरी गाठली. त्यांच्या नाटकात एखाद्यावर अन्याय होतो आणि नाटक तिथेच थांबतं. प्रेक्षकांना विचारलं जातं: तुम्ही याच्या जागी असता तर काय केलं असतं? उत्तर तोंडी द्यायचं नाही. रंगमंचावर यायचं, त्या पात्राची जागा घ्यायची आणि करून दाखवायचं. समोरचे नट सहजासहजी हार मानत नाहीत, त्यामुळे कोणता उपाय कुठे अडतो ते सगळ्यांना दिसतं. बोआल १९९३ ते १९९६ या काळात रिओ द जानेरोच्या नगरपालिकेत निवडून आलेले सदस्य होते. वस्त्यावस्त्यांतल्या अशा नाटकांतून पुढे आलेल्या सूचना त्यांनी सभागृहात नेल्या आणि त्यांतून तेरा कायदे झाले. पश्चिम बंगालमध्ये संजय गांगुली यांच्या ‘जन संस्कृती’नं हीच पद्धत सुंदरबनच्या खेड्यांत रुजवली. तिथे बाई पहिल्यांदा नवऱ्याला ‘नाही’ म्हणते ती रंगमंचावर, शेजारणींच्या साक्षीनं.

६. आयुष्य वाढतं का?

वर्तमानपत्रात अधूनमधून बातमी येते, की नाटक-संगीताला जाणारी माणसं जास्त जगतात. त्यात तथ्य आहे, पण जपून.

इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या सहा हजार सातशेहून अधिक लोकांचा मागोवा चौदा वर्षं ठेवला गेला. दर काही महिन्यांनी नाटक, मैफल, संग्रहालय अशा ठिकाणी जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी आढळला. वर्षातून एकदा-दोनदा जाणाऱ्यांमध्ये १४ टक्क्यांनी. सोप्या शब्दांत, एरवी सारख्या असलेल्या दोन गटांत, न जाणाऱ्यांत १०० मृत्यू होतील तेवढ्या काळात नियमित जाणाऱ्यांत सुमारे ६९. आता शंका येते: धडधाकट आणि पैसेवाला माणूसच नाटकाला जातो, मग तो जास्त जगला यात नवल काय? संशोधकांनी उत्पन्न, शिक्षण, आधीचे आजार, हालचाल हे सगळं हिशेबात धरलं, तरी फरक उरला. पण हा प्रयोग नव्हे, निरीक्षण आहे. नाटकामुळेच आयुष्य वाढलं असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. एकटेपणा, नैराश्य, वार्धक्यातला विसराळूपणा अशा ठिकाणी कलेचा उपयोग होतो असं त्यात दिसलं. औषधाच्या जोडीला, औषधाच्या जागी नव्हे.

७. दाराबाहेर कोण?

कलेनं माणसं जोडली जातात. त्याच कलेनं ती बाहेरही ठेवली जातात, आणि हे लपवून ठेवणाऱ्या लेखकावर विश्वास ठेवू नये. मराठी नाटकाला नव्वद वर्षं झाली तेव्हा कुठे, १९३३ साली, ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रियांना स्त्रियांच्या भूमिका दिल्या. त्याआधी तमाशाच्या फडात नाचणाऱ्या बाईची कला सगळ्यांना हवी होती, तिला घरात घ्यायला कुणी तयार नव्हतं. आजही एकाच आळीचं, एकाच जातीचं मंडळ असतं. ते आपल्या माणसांना घट्ट बांधतं आणि शेजारच्या वस्तीला तितकंच लांब ठेवतं. देवळातल्या मानपानावरून जत्रेतलं नाटक बंद पडल्याची उदाहरणं कोकणात आणि गोव्यात सापडतील. मिरवणुकीच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात आजारी माणूस भरडला जातो, त्याला सहभागाचे फायदे सांगून उपयोग नाही.

म्हणून कुठल्याही मंडळाला एक प्रश्न विचारावा: या वर्षी तुमच्यात नवीन कोण आलं, आणि ते कुठल्या वस्तीतून आलं? उत्तर देताना मंडळ अडखळलं, तर मघाशी सांगितलेल्या सामाजिक भांडवलाचा बराच हिस्सा तिथे अडकून पडला आहे.

पैशाचंही तसंच. उत्सव, महोत्सव, पुरस्कार सोहळे यांवर खर्च करायला सरकार आणि देणगीदार पुढे येतात, कारण तिथे छायाचित्र निघतं. तालमीच्या खोलीचं छायाचित्र कुणी काढत नाही. हौशी चमूची खरी अडचण नाट्यगृह नसते, तालमीला जागा नसणं ही असते. शहरात खोलीचं भाडं परवडत नाही, सोसायटीत तक्रार होते, महाविद्यालयाचं फाटक संध्याकाळी बंद होतं. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडू या सुपारीच्या बागांमधल्या लहानशा गावात १९४९ साली ‘नीनासम’ ही नाट्यसंस्था सुरू झाली. के. व्ही. सुब्बण्णा यांनी गावकऱ्यांच्या साथीनं तिथे जे उभं केलं, त्यासाठी १९९१ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याची सुरुवात गावातल्या हौशी नटांपासून आणि त्यांना रोज भेटायला मिळणाऱ्या एका जागेपासूनच झाली होती.

महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे आणि संध्याकाळी पाचनंतर तिला कुलूप असतं. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, ग्रामसभेत कुणीही बोलू शकतं. पुढच्या ग्रामसभेत आठवड्यातल्या तीन संध्याकाळी एक वर्ग भजनाला, नाटकाला, लेझीमला उघडा ठेवण्याचा ठराव मांडा. दिव्याचं बिल कोण भरणार आणि किल्ली कुणाकडे राहणार, हे त्याच सभेत ठरवून घ्या.